दाढेवरचा उजेड

नवी पेठेत कुणी नमस्कार केला की आमचे घरमालक आधी त्याला तोंड उघडायला सांगत. ते दातांचे डॉक्टर होते आणि चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. भर रस्त्यात, कापडाच्या दुकानांसमोर, एखादा भला माणूस गोंधळून आ करी. डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून आत डोकावत आणि मग त्यांना ओळख पटे. "अरे, वरचा उजवा सुळा की! मुलीचं लग्न ठरलं का?" मुलीचं लग्न, भावाचं आजारपण, गिरणीतली पाळी बदलली ती, सगळं त्यांना आठवत असे. फक्त ते त्या माणसाच्या दाताला जोडलेलं असे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारी उभ्या असतील तर पदराने कपाळ टिपत दुसरीकडे बघत.

मला मात्र त्यांनी पहिल्या दिवशी तोंड उघडायला सांगितलं नाही. सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. मी साताऱ्याकडची, सोलापूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायला नुकतीच लागले होते आणि खोली शोधत होते. खाली कापडाचं दुकान, जिना चढलं की दवाखाना, दवाखान्याच्या मागे त्यांचं घर आणि वर गच्चीला लागून एक खोली. काकूंनी मला उभ्या उभ्या बरंच काही विचारलं. डॉक्टर एका माणसाच्या तोंडात आरसा धरून वाकले होते. त्यांनी मान न वळवता विचारलं, "काय शिकवता बाई?"

"फिजिक्स."

त्यांनी आरसा ताटलीत ठेवला आणि पूर्ण वळून माझ्याकडे पाहिलं. "मग लेसर म्हणजे काय, ते सांगा की."

खुर्चीतला माणूसही आ वासून माझ्याकडेच बघत होता. लेसरबद्दल मी तोवर एका पुस्तकात दीड पान वाचलं होतं. ते दीड पान मी जमेल तसं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, "काय की," असं म्हणाले आणि परत आरसा उचलला. ते अक्कलकोटकडचे होते, घरात कन्नडही चालायचं, आणि 'काय की' हा त्यांचा सगळ्या जगाला दिलेला जबाब होता. त्याचा अर्थ 'मला माहीत नाही' असा होई, कधी 'तुम्हाला माहीत नाही' असाही होई, आणि बऱ्याचदा कोणता ते कळत नसे. खोली मला मिळाली.

संध्याकाळी ते गच्चीवर आले. कुठल्याशा परदेशी मासिकाचा जुना अंक त्यांच्या हाती लागला होता. त्यात एवढंच होतं की तिकडे काही डॉक्टरांनी माणकातून निघणारा लेसरचा झोत काढलेल्या दातावर सोडून पाहिला, आणि दाताचं वरचं कवच त्या जागी वितळून पुन्हा घट्ट झालं. एवढ्यावरून आमच्या डॉक्टरांनी पुढचं सगळं ठरवून टाकलं होतं. कीड लागलेला दात उजेडाने बरा होणार. बधिर करायची सुई नाही, चिमटा नाही, कोरायचं मशीन नाही.

"आवाज नाही बाई," ते म्हणाले. "नुसता उजेड."

त्यांचं कोरायचं मशीन पायाने चालवायचं होतं. शिवणयंत्रासारखं खाली पायडल, वर दोरीवर फिरणारी कोरणी. वीज कधीही जाई, म्हणून त्यांनी विजेचं घेतलंच नव्हतं. लहर लागली की म्हणत, "मी दातांचा शिंपी." पण पायडल मारताना माणूस जरा जरी कळवळला तरी त्यांचा पाय आपोआप थांबे. मग ते त्याला त्याच्या भाषेत विचारत. तेलुगू विणकर घरातल्या बाईला "नोप्पी उंदा?", अक्कलकोटच्या पाहुण्याला "नोवू?", मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्याला "दर्द है क्या मियाँ?" आणि उरलेल्यांना "ठणकलं का?" असल्या थांबण्यामुळे पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासाला जाई. काकू म्हणत, "दुखणं परवडलं, पण ह्यांचं विचारणं नको."

एवढा दुखण्याचा धसका असलेला माणूस या धंद्यात आला कसा, हे मी त्यांना विचारलं होतं. मला त्यांनी सांगितलं की लहानपणी आईची दाढ न्हाव्याने काढली, तेव्हा त्यांनी तिचे पाय धरले होते. काकूंना लग्नानंतर सांगितलं होतं की दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून. खालच्या कापडवाल्यांना त्यांनी तिसरंच काहीतरी सांगितलेलं होतं, त्यात एक साधू होता. खरं कोणतं ते मला अजून माहीत नाही.

लेसर त्यांना पुरतं समजावून सांगायचं म्हणून मी एकदा खाली नवी पेठेकडे बोट दाखवलं. दिवाळीच्या आधीची गर्दी होती. मी म्हटलं, "डॉक्टर, साधा उजेड म्हणजे ही गर्दी. जो तो आपल्या वाटेने, आपल्या चालीने. आणि लेसर म्हणजे पोलिसांची परेड. सगळ्यांचं पाऊल एकदम, एकाच दिशेला." ही उपमा मी आजही वर्गात दिली असती. पण दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर ती पेशंटना देऊ लागले. दाढ दुखते म्हणून आलेला माणूस खुर्चीत बसे आणि डॉक्टर त्याला सांगत की तुझ्या दाढेवर एक दिवस परेड यायची आहे. माणसं जिना उतरताना एकमेकांकडे बघत. काकू लेसरला शेवटपर्यंत 'लेझीम' म्हणत राहिल्या. "ह्यांचं ते लेझीम कधी यायचंय गं?" असं मला विचारत.

मग बॅटरी आली.

ती पेनाएवढी साधी बॅटरी होती. दातामागून उजेड धरला की दाताला गेलेली बारीक चीर काळी दिसते, हे त्यांना ठाऊक होतं, आणि पांढऱ्यापेक्षा लाल उजेड दातातून जास्त आरपार जातो असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून त्यांनी तिच्या तोंडावर जिलेटिनचा लाल कागद दोऱ्याने बांधला. यात काही खोटं नव्हतं. ते फक्त बघायचं साधन होतं. पण एके दिवशी यंत्रमागावर काम करणारा एक माणूस आला, डॉक्टरांनी चीर शोधायला त्याच्या दाढेमागे तो लाल उजेड बराच वेळ धरला, आणि बॅटरी बाहेर काढल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर, थांबलं की."

"काय थांबलं?"

"ठणका."

"असा कसा थांबेल?"

"मला काय म्हाईत? थांबला, एवढं खरं."

डॉक्टरांनी त्याला तीनदा विचारलं, मराठीतून आणि तेलुगूतून. तो थांबला म्हणजे थांबलाच. सुई न घेता, दाढ न काढता तो जिना उतरून गेला.

आठवडाभरात जिन्यावर रांग लागली. डॉक्टरकडे लाइट आला आहे, असं पूर्व भागातल्या विणकर वस्तीत पसरलं होतं. सुई लागत नाही, रक्त येत नाही, लाल लाइट लावतात आणि दुखणं बसतं. माणसं आत येऊन आधीच सांगत, "काढायचं नाही डॉक्टर, नुसता लाइट लावा." डॉक्टर सांगत की हा लाइट नुसता बघायचा आहे, ह्याने काही होत नाही. माणसं मान हलवत आणि आ करत. आणि खरी गोंधळाची गोष्ट अशी की त्यातल्या पुष्कळांना बरं वाटे.

मी विचारलं, "डॉक्टर, हा लेसर नाही हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे की. ही गर्दी. परेड नाही."

"मग इतका वेळ धरून का ठेवता?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "तो म्हणतो बरं वाटतंय. त्याला मी काय म्हणू बाई? 'नाही वाटत तुला', असं?"

मी बॅटरी कॉलेजात नेली. बल्बची थोडीफार ऊब लागत असेल आणि त्याने आराम पडत असेल, असा माझा तर्क होता. मी तिच्यासमोर थर्मामीटर धरला. पारा हलला की नाही, यावर माझं आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या सहायकाचं एकमत झालं नाही. बॅटरी परत आणून दिली तेव्हा डॉक्टरांनी उत्सुकतेने विचारलं, "काय निघालं?" मी म्हटलं, "काय की." ते खूप हसले. मला हसू आलं नाही.

त्याच सुमारास शहरातले दुसरे दातांचे डॉक्टर, वयाने तरुण आणि मुंबईत शिकलेले, एकदा जिना चढून आले. माझ्यासमोरच ते डॉक्टरांना म्हणाले, "सर, तुम्ही वडील माणूस. पण लोक तुमच्या बॅटरीपायी दाढा कुजवत बसलेत. उद्या एखाद्याचं काही झालं तर?" डॉक्टर म्हणाले, "मी रोज सांगतो त्यांना." तरुण डॉक्टर म्हणाले, "सांगता आणि लावताही." आमच्या डॉक्टरांनी त्यांना चहा घ्यायला बसवलं, त्यांनी घेतला नाही.

नरसम्मा नावाची विडी कामगार बाई होती. खालच्या दाढेला आतून पू झालेला होता, गाल सुजलेला. डॉक्टरांनी बॅटरीने पाहिलं आणि दाढ आजच काढली पाहिजे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "सुई नको डाक्टर. लाइट लावा की. मला विड्या वळायला जायाचं हाय." ते नाही म्हणाले. ती उठून जिन्याकडे निघाली. मी दारातच उभी होते. तिने पायरीवर पाय ठेवला तसं डॉक्टरांनी तिला परत बोलावलं आणि उजेड लावला. लावता लावता तेलुगूत तिची मनधरणी करत राहिले. ती "उद्या, उद्या" म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी आली, तेव्हाही हेच झालं. डॉक्टर मला म्हणाले, "लाइटला नाही म्हटलं तर ती येणारच नाही. येतेय तोवर एक दिवस काढून घ्यायला बसंल खुर्चीत." मला तेव्हा ते पटलं होतं.

पुढच्या खेपेला तिचा नवरा तिला धरून घेऊन आला. सकाळची वेळ होती, मला सुट्टी होती. तिची हनुवटी आणि गळा एक झाले होते. जबडा आवळला होता, तोंड उघडत नव्हतं, श्वास घेताना घरघर होत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ही कोण?"

नवरा चकित होऊन म्हणाला, "नरसम्मा. परवा आली होती की."

तोंड उघडत नव्हतं, त्यामुळे त्यांना ती ओळखूच आली नव्हती. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मी त्यांना इतका वेळ कुणाच्या चेहऱ्याकडे बघताना कधी पाहिलं नव्हतं. मग ते एकदम उठले, अंगावरचा पांढरा कोट तसाच ठेवून खाली धावले आणि टांगा बोलावला.

मी तिला धरून मागे बसले, नवरा दुसऱ्या बाजूला. डॉक्टर टांगेवाल्याशेजारी. टांगा सरकारी दवाखान्यात नेला. तिथे सर्जनने तिचा गळा बघितला आणि विचारलं की हे इतकं वाढेपर्यंत काय चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे येत होती. मी उजेड दाखवत होतो." सर्जनला काही कळलं नाही. तो तिला आत घेऊन गेला. हनुवटीखाली चीर देऊन पू काढावा लागला. आणखी उशीर झाला असता तर सुजेने श्वासनळी बंद झाली असती, असं त्याने बाहेर येऊन सांगितलं. तोवर डॉक्टर बाकावर तिच्या नवऱ्याला टेकून बसले होते. कुणी कुणाला धीर देत होतं ते दुरून कळलं नसतं.

नरसम्मा वाचली. ती घरी गेली तरी डॉक्टरांनी दवाखाना उघडला नव्हता. मग एक दिवस तीच जिना चढून आली. हनुवटीखाली पट्टी, हातात नारळ आणि फुलं. काकूंनी दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले आणि तिने तोंड उघडायच्या आत म्हणाले, "नरसम्मा." त्या दिवसापासून चेहऱ्यावरून ओळखू येणारा पेशंट त्यांना सोलापुरात तेवढा एकच होता.

तिने नारळ त्यांच्या पायाशी ठेवला. "डाक्टर, तुमी लाइट लावला म्हून मी जगले."

डॉक्टर मागे सरकले. "नाही. लाइटने काही झालं नाही. लाइटमुळेच तू मरणार होतीस. दाढ त्याच दिवशी काढायला पाहिजे होती. माझी चूक झाली."

ती हसली. "तितल्या डाक्टरनी गळा कापला. तुमी कापलं न्हाय. तुमी लाइट लावला."

त्यांनी तेच सगळं तेलुगूतून सांगितलं, सावकाश, हात जोडून. ती ऐकत राहिली, मान डोलावत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मोठी मानसं असंच म्हंत्यात." जाताना तिने दुसऱ्या बाजूची एक दाढ दाखवली. तिलाही लाइट लावा म्हणाली.

डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्यावर पूर्वीच्या दुप्पट माणसं होती. नरसम्माला मरणातून ओढून आणणारा लाइट सगळ्यांना हवा होता. डॉक्टरांनी बॅटरी कपाटात टाकून किल्ली काकूंकडे दिली. "लाइट नाही. लाइट खोटा आहे," ते दारात उभे राहून सांगत. माणसं शांतपणे ऐकत आणि बसून राहत. एक म्हातारी माझ्या कानाशी म्हणाली, "श्रीमंत लोकांसाठी ठिवलाय वाटतं."

तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं, "बाई, खरा लेसर कुठे बघायला मिळंल?"

पुण्याला एका प्रयोगशाळेत माझ्याबरोबर शिकलेला एकजण संशोधन करत होता. त्याला कळवलं, त्याने यायला सांगितलं. काकू म्हणाल्या, "मी पण येते. एवढं ज्याच्यापायी चाललंय ते लेझीम मला पण बघू दे." आम्ही तिघं सकाळच्या गाडीने निघालो. काकूंच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होती, डॉक्टरांच्या खिशात पावडरच्या रिकाम्या डब्यात काढलेले दात. डबा गाडीच्या हिसक्याबरोबर वाजत होता आणि समोरचं एक लहान मूल त्याला खुळखुळा समजून हात पुढे करत होतं.

अंधाऱ्या खोलीत टेबलावर एक लांबट नळी होती. माझ्या मित्राने बटण दाबलं आणि समोरच्या भिंतीवर एक लाल ठिपका उमटला. काकू म्हणाल्या, "एवढंच?" मित्र जरा दुखावला. डॉक्टरांनी डब्यातली एक दाढ काढून झोताच्या वाटेत धरली. दाढ आतून लाल झाली, निखाऱ्यासारखी, पण बोटांना काही लागत नव्हतं. ते वाट बघत उभे राहिले.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता काय? इतकंच," मित्र म्हणाला. "हा अगदी हलका झोत आहे. याने काही होत नाही. तुम्ही ज्याबद्दल वाचलंत तो फार जोराचा असतो."

"त्याने दात बरा होतो?"

"कवच वितळतं, हे खरं. पण उष्णता आत उतरते आणि दाताच्या आतली नस मरते. तिकडे त्यांनी प्राण्यांच्या दातांवर करून बघितलंय. अजून तरी माणसावर लावण्यासारखं काही हाती आलेलं नाही, असं मी वाचलं."

डॉक्टरांनी दाढ डब्यात परत टाकली. "त्या प्राण्यांना दुखलं का?"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. "ते काही लिहिलेलं नाही."

मग डॉक्टरांनी एक विचित्र विनंती केली. मित्राने डोळ्यात झोत जाऊ द्यायचा नाही, अशी ताकीद देऊन ती मान्य केली. डॉक्टर स्टुलावर बसले, डोळे गच्च मिटले, तोंड उघडलं आणि डोकं कलवून तो ठिपका आपल्या मागच्या दाढेवर घेतला. काकू भिंतीकडे वळून उभ्या राहिल्या. खोलीत यंत्राची नुसती घरघर होती.

"काय वाटतं?" मी विचारलं.

ते तोंड मिटून म्हणाले, "काय की."

परतीच्या गाडीत मला वाटलं होतं की ते खचले असतील. पण ते शेंगा सोलून खात होते, डाव्या बाजूनेच. दौंड सुटल्यावर म्हणाले, "चांगलं झालं बाई. नस मरते हे कळलं. काय चुकतं ते सापडलं म्हणजे पुढचा माणूस तिथून सुरू करील. येणार ते." मी निश्चिंत झाले. कुर्डुवाडीला चहा घेताना ते पुन्हा म्हणाले, "मी त्यांच्या जागी असतो तर सुरूच केलं नसतं. त्या प्राण्याला विचारता येत नाही ना." या दोन वाक्यांची सांगड मला घालता येईना. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी लग्न झाल्यापासून घालतेय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखाना उघडला. जिन्यावर माणसं होतीच. पहिल्याच बाईने लाइट मागितला. डॉक्टर म्हणाले, "लाइट पुण्याला नेला होता. तिथेच ठेवून घेतला, दुरुस्तीला."

"कदी येनार?"

"वेळ लागंल. लई वेळ लागंल."

"मग तवर काढा," असं म्हणून ती खुर्चीत बसली आणि तिने सुईसाठी आ केला. तिच्या मागचाही बसला. त्याच्या मागचाही. इतके दिवस ते घसा कोरडा करून खरं सांगत होते तेव्हा एकही माणूस खुर्चीत बसत नव्हता, आणि ही साधी थाप सगळ्यांनी एका दमात मानली. नरसम्माही आली. दुरुस्तीला गेल्याचं ऐकून हळहळली, आणि तिने ती दुसरी दाढ काढून घेतली. डॉक्टर पायडल मारत होते, थांबत होते, विचारत होते. मी दारात उभी राहून बघत होते. हे बरोबर चाललं आहे की चूक, ते मला ठरवता येत नव्हतं. त्यांनाही येत नसावं, कारण मधूनच माझ्याकडे बघून ते मान खाली घालत.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडायचं ठरवलं. सामान बांधत होते तेव्हा काकू वर आल्या. "खाली ये जरा. ह्यांनी तुला बोलावलंय."

दवाखान्यातल्या खुर्चीत डॉक्टर स्वतः बसले होते. शेजारी ते तरुण डॉक्टर बाह्या वर करून उभे होते. तेव्हा मला कळलं की यांची उजवी दाढ पुण्याला गेलो त्याच्याही आधीपासून दुखत होती. काकूंनाही त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तरुण डॉक्टर वैतागलेले होते. "बघा मॅडम, सर सुई घेत नाहीत. म्हणतात तशीच काढ. अहो, मुळं वाकडी आहेत हिची."

"सुई नको," डॉक्टर म्हणाले. मग काकूंकडे हात केला. काकूंनी कमरेच्या जुडग्यातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि बॅटरी आणून माझ्या हातात दिली. लाल कागद कडेला विरला होता.

मी म्हटलं, "डॉक्टर, याने काही होत नाही. तुम्हीच सांगता."

"माहीत आहे की," ते म्हणाले. "पण मी कधी लावून घेतला नाही. इतकी माणसं बरं वाटतं म्हणाली. एकदा मला बघू द्या."

"आणि दुखलं तर?"

"दुखणारच. दुखताना काय होतं ते बघायचंय."

तरुण डॉक्टरांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. मी बॅटरी लावली आणि त्यांच्या गालाला टेकवली. गाल आतून लाल दिसू लागला, एखाद्या लहान मुलाच्या गालासारखा. चिमटा आत गेला. काकूंनी त्यांचे पाय धरले. तरुण डॉक्टरांनी दाढ एकदा हलवली, दुसऱ्यांदा हलवली, आणि त्यांच्याच कपाळावर घाम आला. आमच्या डॉक्टरांचे डोळे उघडे होते आणि ते सारखे माझ्या हाताकडे बघत होते, त्या उजेडाकडे. मग काहीतरी मोडल्यासारखं वाजलं आणि दाढ मुळांसकट बाहेर आली.

तरुण डॉक्टरांनी कापसाचा बोळा त्यांच्या तोंडात दाबला. डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बोळा चावता चावताच ते काहीतरी बोलले, दोनच शब्द. तरुण डॉक्टर म्हणाले, "'बंद करा' म्हणतायत." काकू पाय न सोडता म्हणाल्या, "नाही, 'बरं वाटलं' म्हणाले." मला ते 'अजून धरा' असं ऐकू आलं होतं. आम्ही तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते डोळे मिटून मागे टेकले होते. बॅटरी विझवावी की नाही ते मला कळेना, म्हणून मी ती त्यांच्या गालाला तशीच लावून उभी राहिले.